‘इविस’ चालतो का? दोन्ही स्पेलिंगांनी चालतो

प्रश्न थोडक्यात असा. घरच्या स्क्रॅबलच्या डावात समोरच्याने आय-डब्ल्यू-आय-एस अशी चार अक्षरं मांडली आणि ‘जुना इंग्रजी शब्द आहे’ एवढंच सांगितलं. घरातल्या छोट्या डिक्शनरीत तो मिळाला नाही, म्हणून टाइल उचलायला लावल्या. नंतर मोबाइलवर एका ठिकाणी तो वैध दिसला, दुसऱ्या ठिकाणी त्याचा अर्थ ‘मी जाणतो’ असा दिला होता, आणि तिसरीकडे पहिलं अक्षर आयच्या जागी वाय होतं. मग हा शब्द एक की दोन, आणि टाइल उचलायला लावणं बरोबर होतं का?

शब्द वैध आहे. आयने सुरू होणारा आणि वायने सुरू होणारा, दोन्ही. भारतासह बहुतेक जगात स्पर्धांसाठी वापरली जाणारी कॉलिन्सची यादी आणि अमेरिका-कॅनडातली एनडब्ल्यूएल यादी, दोन्हींत ही दोन्ही स्पेलिंगं आहेत. उच्चार दोन्हींचा एकच, इविस, जोर ‘विस’वर. खाली गोंधळ होऊ नये म्हणून त्यांना आयवाला इविस आणि वायवाला इविस म्हणतो. अर्थ ‘खचित’, ‘निश्चितपणे’. ‘मी जाणतो’ हा अर्थ चुकीच्या वाचनातून आला आहे, पण ती चूक इतकी मुरली की तिनेही स्क्रॅबलला एक वैध शब्द मिळवून दिला. आधी शब्दाचं मूळ पाहू, कारण कोणती टाइल त्याला जोडता येईल आणि कोणती नाही, याचं उत्तर तिथेच आहे.

जुन्या इंग्रजीत, म्हणजे १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं त्याच्या आधीच्या भाषेत, ‘निश्चित’ या अर्थाचं विशेषण होतं जी-ई-डब्ल्यू-आय-एस-एस. त्यातला पहिला जी आपल्या ‘ग’सारखा नव्हता. ई-आयसारख्या स्वरांआधी त्याचा ‘य’ होई, म्हणजे उच्चार ‘येविस’च्या जवळचा. जर्मनमध्ये हाच शब्द आजही रोजच्या बोलण्यात आहे, तिथे ‘ग’ शाबूत राहिला आणि तो ‘गेविस’ झाला. इंग्रजीत ‘ये’ झिजत झिजत नुसता ‘इ’ उरला. मधल्या काळातल्या हस्तलिखितांत आय आणि वाय ही एकाच स्वराची दोन रूपं होती. एम, एन, यू, डब्ल्यू यांच्या उभ्या रेघांच्या दाटीत वाय डोळ्यांना पटकन दिसतो म्हणून नकलनवीस तो पसंत करत. त्यामुळे इविसची दोन स्पेलिंगं ही दोन शब्द नाहीत, एकाच शब्दाच्या दोन लेखनपद्धती आहेत. चॉसरच्या चौदाव्या शतकातल्या कवितेत वायवाला इविस पुन्हा पुन्हा भेटतो.

‘विस’ या भागाशी मराठी वाचकाची ओळख जुनी आहे. तो ज्या मुळातून येतो त्यातूनच संस्कृतातला विद् धातू येतो: वेद, विद्या, विद्वान. त्या मुळाला ‘त’ लागून झालेलं भूतकालवाचक विशेषण संस्कृतात ‘वित्त’ झालं, जर्मानिक भाषांत तोच द-त जोड बदलून दुहेरी ‘स’ झाला. म्हणजे ‘विस’ आणि ‘वित्त’ घडणीने सख्खे चुलत भाऊ. एकाचा अर्थ ‘जाणलेलं, म्हणून पक्कं’ असा स्थिरावला. दुसरा ‘मिळवलेलं’कडे झुकला आणि मराठीत येईपर्यंत त्याचा पैसाच झाला.

आधी लागलेला ‘गे’ हा उपसर्ग आजच्या इंग्रजीत जवळपास मेला आहे, पण त्याची हाडं सापडतात. ‘इनफ’ या शब्दाच्या सुरुवातीचा स्वर, ‘अलाइक’ आणि ‘अवेअर’मधला ‘अ’, हे सगळे त्याचेच अवशेष. सर्वांत गमतीशीर ‘हँडिवर्क’. त्यातला मधला आय हा तोच झिजलेला उपसर्ग आहे, ‘हँडी’शी त्याचा काही संबंध नाही, पण लोकांनी शब्द तसाच फोडून समजून घेतला.

इविसच्या बाबतीतही असंच चुकीचं फोडणं झालं. मध्ययुगीन हस्तलिखितांत हा उपसर्ग अनेकदा सुटा लिहिलेला असे: आधी आय, थोडी जागा, मग विस. पुढे लिहिणाऱ्यांनी आणि छापणाऱ्यांनी तो आय मोठ्या लिपीत टाकला. इंग्रजीत सुटा मोठा आय म्हणजे ‘मी’. शेजारी ‘विस्ट’ हे खरंखुरं जुनं भूतकाळी रूप हजर होतंच. ‘विस्ट’ म्हणजे ‘जाणलं’, ते १६११ च्या बायबलच्या इंग्रजी भाषांतरातही आहे. मग वाचकाने मनातल्या मनात गणित मांडलं: भूतकाळ विस्ट, तर वर्तमानकाळ विस असणार, म्हणजे ‘आय विस’ = ‘मी जाणतो’. प्रत्यक्षात विस्टचा वर्तमानकाळ ‘वॉट’ आहे आणि मूळ क्रियापद ‘विट’. ‘जाणणे’ या अर्थाचं ‘विस’ नावाचं क्रियापद इंग्रजीत कधी जन्मलंच नव्हतं.

ही चूक सहज पचली, कारण वाक्यात दोन्ही अर्थ बसतात. आपल्या पोथ्यांतल्या ओव्यांत चरणाच्या शेवटी येणारं ‘जाण’ आठवा. अर्थाला ते फारसं काही जोडत नाही, यमक आणि मात्रा सांभाळतं. मध्ययुगीन इंग्रजी कवितेत इविस नेमकं हेच काम करत होता, कारण ‘इज’, ‘दिस’, ‘ब्लिस’ अशा हजर यमकांशी तो सहज जुळतो. शेक्सपिअरच्या ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मध्ये चांदीच्या पेटीतून निघालेल्या चिठ्ठीत किस, ब्लिस, इविस, दिस अशी यमकांची ओळच आहे. तिथे ‘जगात असे मूर्ख आहेत, खचित’ म्हणा किंवा ‘जगात असे मूर्ख आहेत, जाणतो मी’ म्हणा, ऐकणाऱ्याचं काही बिघडत नाही. एकोणिसाव्या शतकापर्यंत ‘आय विस’ जुनेपणाचा मुलामा म्हणून रूढ झाला होता. १८४२ साली छापलेल्या रोमन वीरगीतांत मेकॉलेने तो वापरला. १८३५ चं शिक्षणविषयक टिपण लिहिणारा मेकॉले तो हाच.

आता यादीकडे. छापील साहित्यात इतक्या वेळा आल्यामुळे कोशकारांना ‘विस’ची नोंद घ्यावी लागली आणि कोशातून तो स्क्रॅबलमध्ये आला. तीन अक्षरांचा डब्ल्यू-आय-एस दोन्ही याद्यांत वैध आहे. म्हणजे मोबाइलवर तुम्हाला दिसलेला ‘मी जाणतो’ हा अर्थ इविसचा नसून या विसचा. क्रियापद म्हणून त्याची फक्त दोन रूपं स्वीकारलेली आहेत, विस आणि विस्ट. याखेरीज विस्ट हे स्वतंत्र क्रियापद म्हणूनही यादीत आहे आणि त्याला एस, ईडी, आयएनजी लागतात. दुहेरी एसचं विस्स वेगळं, त्याचीही सगळी रूपं चालतात. भाषाशास्त्राच्या दृष्टीने ही गर्दी विचित्र वाटेल, पण यादी व्युत्पत्तीची सत्यता तपासत नाही. ज्या कोशांवरून ती बनली त्यांत शब्द स्वतंत्र नोंद म्हणून होता का आणि त्याला कोणती रूपं दिली होती, एवढंच ती पाहते.

दोन्ही इविस अव्यय आहेत. ‘खचित’चं अनेकवचन होत नाही, भूतकाळ होत नाही, म्हणून त्यांच्यामागे काहीही लागत नाही. दुहेरी एस, शेवटी टी, शेवटी ई-एस, सगळं अवैध. ही चूक नेहमीची आहे, कारण विसला मागून टाइल लागतात हे पाठ असतं आणि डोळा तेच इविसलाही लावून पाहतो. विसच्या मागे पाच अक्षरं लागतात: ई, एच, पी, एस, टी (वाइज, विश, विस्प, विस्स, विस्ट). पुढे, म्हणजे पहिल्या अक्षराच्या आधी, लागतात फक्त दोन, आय आणि वाय. मागचं एखादं अक्षर लागलं की पुढचे आय-वायचे हुक (शब्दाला जोडून नवा शब्द करणारी अक्षरं) मेले. विशच्या पुढे आय किंवा वाय लागत नाही. विस्टच्या पुढे मात्र टी लागतो आणि ट्विस्ट होतो.

पुढच्या हुकांत एक छुपा आहे. आयवाल्या इविसच्या आधी के लावला की किवीज हा पक्ष्याचा आणि फळाचा अनेकवचनी शब्द तयार होतो. वायवाल्याला पुढूनही काही लागत नाही, मागूनही नाही, म्हणजे दोन्ही बाजूंनी बंद. पट मोकळा ठेवायचा की आवळायचा हे ठरवताना हा फरक कामाचा आहे. आघाडीवर असाल तर वायवाला घातल्याने ती ओळ गोठते. मागे असाल तर आयवाला घाला. के एकच असतो आणि तो समोरच्याकडेच आहे असं नाही.

गुणांचं बोलायचं तर आयवाल्या इविसचे ७, वायवाल्याचे १०. डब्ल्यू आणि वाय प्रत्येकी ४ गुणांचे आणि १०० टाइलच्या पिशवीत दोन-दोनच. आय ९ आणि एस ४. हातात आय, आय, डब्ल्यू, एस असतील तर चारही टाकून ७ गुण घेणं सहसा वाईट सौदा आहे. दोन आय गेले हे बरं, पण एस वाया गेला. एस म्हणजे पुढच्या दोन-तीन चालींतला हुक किंवा बिंगो, म्हणजे हातातल्या सातही टाइल एकाच चालीत लावणं, म्हणून तो वापरल्याने निदान आठ-दहा गुण जास्त मिळाले पाहिजेत हा ठोकताळा धरून चालावं. शिवाय के असेल तर चार अक्षरांवर थांबायचं कारणच नाही. किवीजचे १२ गुण होतात. पहिलीच चाल असेल आणि तो आठव्या ओळीत डी स्तंभापासून आडवा मांडला, तर के दुप्पट अक्षराच्या चौकटीवर पडतो, शेवटचा एस मधल्या चांदणीवर, जिथे अख्ख्या शब्दाचे गुण दुप्पट होतात, आणि एकूण ३४ मिळतात. त्याच पाच टाइलमधून विकीज हाही शब्द होतो, पण त्याच जागी त्याचे ३२ होतात, कारण मग दुप्पट चौकटीवर केऐवजी डब्ल्यू येतो.

इविसची खरी कमाई तो अख्खा हातातून मांडण्यात नाही, पटावर आधीच पडलेल्या विसला आडवं जाण्यात आहे. समजा पहिल्या चालीत कुणी चांदणीवरून, म्हणजे ८-एचपासून ८-जेपर्यंत, विस मांडला. ६ चे दुप्पट, १२ गुण. आता त्याच्या डावीकडची ८-जी ही चौकट उघडी आहे. जी स्तंभात पाचव्या ओळीपासून टॅक्सी हा शब्द उभा लावा. टी, ए, मग एक्स सातव्या ओळीत दुप्पट अक्षराच्या चौकटीवर, आणि आय थेट ८-जीवर. टॅक्सीचे १ + १ + १६ + १ = १९, आणि आडव्या आयवाल्या इविसचे ७, एकूण २६. एक्स नसेल आणि वायने संपणारा शब्द असेल तर त्याच स्तंभात चौथ्या ओळीपासून डर्टी लावता येतो. टी दुप्पट चौकटीवर पडून उभ्याचे १० आणि वायवाल्या इविसचे १०, एकूण २०. इंग्रजीत वायने संपणारे शब्द रग्गड आहेत, म्हणून विसच्या डावीकडची रिकामी चौकट ही एका साध्या विशेषणाला दुप्पट भाव देणारी जागा आहे.

टॅक्सी लावली असेल तर साखळी अजून संपत नाही. ८-एफवर के ठेवून खाली नॉट लिहा, के-एन-ओ-टी, म्हणजे गाठ. ओ दहाव्या ओळीत तिप्पट अक्षराच्या चौकटीवर येतो, उभ्याचे ५ + १ + ३ + १ = १०, आडव्या किवीजचे १२, एकूण २२. शब्द केने सुरू होणाराच हवा आणि खाली उतरणारा. केच्या वर, ८-एफच्या डोक्यावर, काही ठेवलंत तर ते शेजारच्या जी स्तंभातल्या एक्सला चिकटून नवं आडवं जोडपं तयार करतं आणि बहुतेक वेळा तेच अवैध ठरतं. हुक दिसला की आनंदात लोक नेमकी ही शेजारची चौकट पाहायला विसरतात.

इविसच्या घराण्यातला दुसरा शब्द जास्त दमदार आहे: वाय-सी-एल-ई-पी-टी, उच्चार इक्लेप्ट. जुन्या इंग्रजीत ‘हाक मारणे, नाव घेणे’ यासाठी क्लिपियन असं क्रियापद होतं. त्याचं ‘गे’ लागलेलं भूतकालवाचक रूप झिजून इक्लेप्ट झालं. जुन्या मराठी दस्तांतला ‘नामे’ त्याला चपखल बसतो: ‘अमुक नामे इसम’. आज इंग्रजीत तो थट्टेतच वापरतात. हा शब्द, आणि त्याचं दुसरं रूप वाय-सी-एल-ई-पी-ई-डी, दोन्ही याद्यांत आहेत. पुढचा वाय काढला तरी क्लेप्ट आणि सी-एल-ई-पी-ई-डी वैध राहतात, म्हणजे वाय इथे शुद्ध पुढचा हुक आहे. सात अक्षरी रूपाचे मूळ गुण १५. पहिल्याच चालीत ते सुचलं तर कुठून सुरू करायचं याने बराच फरक पडतो. ८-डीपासून मांडा. वाय दुप्पट चौकटीवर, १९ चे दुप्पट ३८, आणि बिंगोचे ५०, एकूण ८८. ८-ईपासून मांडलंत तर एकही दुप्पट अक्षराची चौकट सापडत नाही आणि ८० वर थांबावं लागतं.

इथपर्यंत दोन्ही याद्या एकमतात आहेत. पुढे फाटे फुटतात. स्पेन्सर नावाच्या कवीने १५९० मध्ये ‘फेअरी क्वीन’चा पहिला भाग छापला, तेव्हा हा वाय उपसर्ग बोलीतून जवळजवळ गेलेला होता. त्याने तो मुद्दाम उकरून काढला आणि दिसेल त्या क्रियापदाला लावला. चेंबर्स या ब्रिटिश कोशाने स्पेन्सर, शेक्सपिअर, मिल्टन वाचणाऱ्यांसाठी असले शब्द निष्ठेने जपले, आणि ब्रिटिश स्क्रॅबलची जुनी यादी चेंबर्सवरून बनली. अमेरिकेतली १९७८ ची पहिली यादी तिथल्या कॉलेज डिक्शनऱ्यांवरून बनली, त्यांनी ही अडगळ घेतली नव्हती. पुढे जगभरच्या स्पर्धांसाठी दोन्ही याद्या एकत्र केल्या. त्या मिश्रणाचं टोपणनाव सोपॉड्स, अमेरिकी यादीचा ओएसपीडी आणि ब्रिटिश यादीचा ओएसडब्ल्यू या दोन संक्षेपांच्या अक्षरांची उलटापालट करून केलेलं. आजची कॉलिन्स यादी तिचीच वारस आहे.

परिणाम असा की वाय लागलेला क्लॅड, वाय लागलेला रेंट, तसाच रॅप्ट, बाउंड आणि मोल्ट (एम-ओ-एल-टी), हे कॉलिन्समध्ये चालतात आणि एनडब्ल्यूएलमध्ये चालत नाहीत. कॉलिन्सवर खेळणाऱ्यासाठी ही सोन्याची खाण आहे, कारण क्लॅड, रेंट, रॅप्ट हे पटावर नेहमी पडणारे शब्द आहेत आणि त्यांच्यापुढे वाय लागतो हे समोरच्याला बहुधा माहीत नसतं. पण अमेरिकेतल्या नातेवाइकांशी मोबाइलवर खेळताना यादी एनडब्ल्यूएल असेल तर यातला एकही लावू नका. याउलट, त्यांनी इविस किंवा इक्लेप्ट लावला तर भांडू नका.

इथे दोन सापळे आहेत. पहिला म्हणजे उपसर्गाचा नियम कळल्यावर तो स्वतःच चालवायला घेणं. वाय लागलेला बॉर्न, वाय लागलेला संग हे व्याकरणाने अगदी सुरेख दिसतात, मध्ययुगात तसं लिहिलंही जाई, पण यादीत नाहीत. यादी नियमावर चालत नाही, नोंदीवर चालते. दुसरा सापळा एसचा. रेंट हा शब्द नामही आहे म्हणून त्याला एस लागतो, पण वाय लागलेला रेंट म्हणजे ‘फाटलेला’, भूतकालवाचक विशेषण, त्याला एस लागत नाही. मोल्टचंही तसंच. साधा मोल्ट म्हणजे कात टाकणे, वायवाला म्हणजे ‘वितळलेला’. वाय आला की शब्दाची जात बदलते. गंमत म्हणजे खुद्द मिल्टनही इथे घसरला. १६३२ मध्ये छापलेल्या शेक्सपिअरवरच्या कवितेत त्याने हा वाय ‘पॉइंटिंग’ला, म्हणजे चालू काळाच्या रूपाला लावला. कान जुना आवाज मागत होता, व्याकरणाकडे लक्ष गेलं नाही. इक्लेप्ट मात्र त्याने दुसऱ्या एका कवितेत बिनचूक वापरला आहे.

आता तुमच्या डावाचा निकाल. नियम असा की कोणता कोश प्रमाण मानायचा हे डाव सुरू होण्याआधी ठरवायचं. घरातली छोटी डिक्शनरी प्रमाण असं आधी ठरलं असेल तर टाइल उचलायला लावणं नियमाला धरूनच झालं, शब्द जगात वैध असला तरी. काहीच ठरलं नसेल तर समोरच्यावर अन्याय झाला. शालेय किंवा खिशातल्या डिक्शनरीत जुने शब्द जागेअभावी गाळलेले असतात, त्यामुळे ‘इथे नाही’ यावरून ‘शब्दच नाही’ हे सिद्ध होत नाही. आणि अर्थ विचारून अडवता येत नाही. शब्द मांडणाऱ्याला त्याचा अर्थ माहीत असण्याची अट स्क्रॅबलमध्ये कुठेच नाही.

स्पर्धेत हेच घडलं असतं तर? कॉलिन्सवरच्या स्पर्धांत सर्वसाधारणपणे चुकीच्या चॅलेंजला, म्हणजे वैध शब्दावर घेतलेल्या आक्षेपाला, दर शब्दामागे ५ गुणांचा दंड असतो, काही ठिकाणी १०. एनडब्ल्यूएलवरच्या स्पर्धांत चॅलेंज फसला तर तुमची एक पाळीच जाते. त्यामुळे पहिल्या पद्धतीत संशय आला की चॅलेंज करणं परवडतं, दुसरीत नाही. टॅक्सी-इविससारख्या चालीत दोन शब्द तयार होतात. संशय फक्त इविसवर असेल तर तेवढाच चॅलेंज करा, टॅक्सीचं नाव घेऊन दंड वाढवू नका. चॅलेंज पुढची चाल खेळण्याआधी झाला पाहिजे. तुम्ही टाइल मांडून पुढे गेलात की आधीचा शब्द, खोटा असला तरी, पटावर कायम.

पडताळणी करताना सर्च इंजिनवर विसंबू नका, तिथे कोशातला अर्थ आणि खेळातली वैधता एकत्र कालवलेली असते. झायझिवा हे शब्द तपासायचं सॉफ्टवेअर घ्या, आधी त्यात यादी निवडा, मग शब्द टाका. तो वैध आहे की नाही याबरोबर पुढचे-मागचे हुकही शेजारी दिसतात. आय-डब्ल्यू-आय-एस टाकलात तर पुढे के आणि मागे रिकामी जागा दिसली पाहिजे. वाय-डब्ल्यू-आय-एसला दोन्ही बाजू रिकाम्या. यापेक्षा वेगळं काही दिसत असेल तर यादी चुकीची निवडली आहे. मोबाइलवरच्या खेळांत ही निवड बहुतेक वेळा डाव सुरू करतानाच करावी लागते आणि डावाच्या मध्ये बदलता येत नाही.

याच जुन्या भाषेतला आणखी एक छोटा शब्द सोबत नोंदवून ठेवा, कारण तो इविसपेक्षा कितीतरी जास्त वेळा मांडता येतो: ई-एम-ई, उच्चार ईम. दोन्ही याद्यांत वैध, एस लागतो. जुन्या इंग्रजीत आईच्या भावाला वेगळा शब्द होता आणि बापाच्या भावाला वेगळा. हा त्यातला आईचा भाऊ, म्हणजे चक्क मामा. पुढे इंग्रजीने फ्रेंचमधून ‘अंकल’ घेतला आणि मामा-काका एकाच पोत्यात भरले. पटावर मात्र मामा शिल्लक आहे, ५ गुणांचा, आणि त्याच्यापुढे एम लावला की मीम होतो.